अस्सल खरेदीखत की झेरॉक्स?

जमिनीच्या दाव्याचे कागद घेऊन कोल्हापुरात कसबा बावड्याच्या कोर्टात गेलात की वकील आधी विचारणार, "अस्सल कुठाय?" अस्सल दस्त म्हणजे प्राथमिक पुरावा. तो दाखल झाला की मजकूर काय होता यावर घोळ उरत नाही. सही मात्र तरीही शाबित करावी लागते, हे बरेच जण विसरतात.

झेरॉक्स हा दुय्यम पुरावा. हक्कानं पुढं करता येत नाही. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 60 प्रमाणे अस्सल का नाही, ते आधी दाखवायचं. 2019 च्या महापुरात पंचगंगेचं पाणी कपाटात शिरून दस्ताचा लगदा झाला, हे कारण सबळ. अस्सल प्रतिवादी चुलत्याकडं असेल तर सहसा आधी त्याला दस्त हजर करण्याची नोटीस. नुसतं "घावत नाही" म्हणून भागत नाही. शिवाय झेरॉक्स अस्सलावरूनच काढली, हेही पटवावं लागतं.

त्यापेक्षा दुय्यम निबंधकाकडनं (सब-रजिस्ट्रार) नोंदणीकृत दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. तीही दुय्यमच, पण वजन कितीतरी जास्त. सातबाऱ्याला ही भानगडच नाही. सार्वजनिक दस्तऐवज असल्यानं त्याची प्रमाणित प्रत थेट चालते.