शाम्पू-लोशनच्या छोट्या युनिटसाठी ईटीपी, उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत आपलं शाम्पू, हँडवॉश, कंडिशनर आणि थोडं बॉडी लोशनचं छोटं युनिट आहे. मागच्या हिवाळ्यात तयार पॅकेज ईटीपी (सांडपाणी साफ करायचा प्लांट) बसवला, आता उन्हाळा-पावसाळा दोन्ही निघाले म्हणून लिहून राहिलो. विकणाऱ्याचं नाव देत नाही, तसंही डिझाइन सगळ्यांचं सारखंच, ऑइल-ग्रीस ट्रॅप, कलेक्शन टाकी, केमिकल डोसिंग, एअरेशन (बॅक्टेरियासाठी पाण्यात हवा सोडायची टाकी) आणि शेवटी वाळू-कार्बन फिल्टर.

केमिकलचा भाग एक नंबर. लोशनचं भांडं धुतलं की पाणी पांढरंफटक येतं, ॲसिडने पीएच खाली आणून फेरिक (लोहाचा क्षार) टाकायचं, मग चुन्याने पीएच वर आणि शेवटी जरासं पॉली (बारीक कण एकत्र आणणारं पॉलिमर), की दूध नासल्यावर चोथा-पाणी वेगळं होतं तसं डोळ्यादेखत फुटतं. फक्त डोस रोज बीकरमध्ये बघूनच ठरवायचा, कालचा आज चालत नाही.

खरी डोकेदुखी शाम्पूची. पाणी दिसायला बरं, पण एसएलईएस (शाम्पूत फेस करणारं रसायन) विरघळलेलं असतं, ते फेरिकने फारसं खाली बसत नाही, बॅक्टेरियानेच खायचं. एअरेशन चालू केलं की फेस टाकीच्या काठावरून थेट गेटपर्यंत. सर्व्हिसवाला म्हणे अँटीफोम ओता, अरे भाऊ, तेही शेवटी पाण्यातच जातं न, सीओडीत (पाण्यातल्या घाणीचं माप) भरच! फरक पडला तो भांडं धुण्याआधी वायपरने निपटून काढल्याने, आणि पहिलं धुवण वेगळ्या ड्रममध्ये धरून थोडं थोडं सोडल्याने. कंडिशनरचं तर कधीच एकदम सोडू नका, त्यातलं सीटीएसी (केस मऊ करणारं रसायन) बॅक्टेरियालाच मारतं आणि मग पुन्हा शेण कालवून कल्चर उभं करत बसा. या पाण्यात बॅक्टेरियाला लागणारं नायट्रोजन-फॉस्फरस नसल्यातच जमा, म्हणून युरिया-डीएपी चालू ठेवावं लागतं, हे कोटेशनमध्ये कुठेच नव्हतं.

मे महिन्यात गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, ब्लोअर जास्त वेळ चालवा, वीजबिल बघून घाम फुटतो. गाळ मात्र तेव्हा पटापट वाळतो, पावसाळ्यात शेड नसेल तर विसरा. केमिकलचा गाळ बुटीबोरीच्या घातक कचरा केंद्रात जातो, तो खर्च वेगळा धरा.

आउटलेटचा सीओडी सध्या लिटरमागे २५० मिलिग्रॅमच्या आत आहे. त्या पाण्याला परफ्यूमचा वास यायला लागला की कार्बन बदलायची वेळ झाली समजतो. नवीन घेणार असाल तर कलेक्शन टाकी ते सांगतील त्याच्या दुप्पट मागा, कमी-जास्त पैशाची घासाघीस बाकीच्या सामानावर करा.