डावऱ्या खांद्याला बसणारी एअर रायफल

इंदुरात राहून हौसेची नेमबाजी करायची असेल तर 4.5 मिलिमीटरची, 20 जूलच्या आतली एअर रायफल घ्या. जमलं तर पीसीपी, म्हणजे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी घ्या. आणि काहीही झालं तरी खांद्याला लावून, गाल टेकवून, चाप ओढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. माझं मत एवढंच आहे. पण त्यामागची कारणं नीट सांगायला हवीत, कारण दुकानात सगळी चर्चा 'पॉवर'भोवतीच फिरते आणि नवीन माणूस तिथेच फसतो.

मी डावखुरी. होळकर सायन्स कॉलेजात असताना एनसीसीत .22 डिलक्स रायफलवर पहिल्यांदा नेम धरला. बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलायचा दांडा, उजवीकडे, दस्ता उजव्या हाताच्या सोयीचा, पण आमच्या उस्तादांनी मला ती डाव्या खांद्यावरच लावू दिली. 'जिस आँख से दिखता है, उसी से मारो' म्हणायचे. पुढे नोकरी, संसार यात ते मागे पडलं. आता मुलगी कॉलेजात गेल्यावर पुन्हा सुरू केलंय, आणि राऊच्या पुढे महू रस्त्याला जाऊन दहा मीटरवर मनसोक्त छर्रे उडवते.

माझा भाचाही डावखुरा. तो अमेरिकेत फिनिक्सला असतो आणि तिथे शनिवार-रविवारी रेंजवर जातो. त्याने हल्लीच पिस्तुलाची गोळी चालणारी कार्बाईन, म्हणजे आखूड रायफल घेतली, आणि घेताना महिनाभर माझं डोकं खाल्लं. केल-टेकची सब-2000 त्याला आधी आवडली होती, कारण ती मधोमध दुमडते आणि वजन दोन किलोच्या आत. पण गाल टेकायला नुसती नळकांडी, त्यामुळे नेम धरून फार वेळ बसवत नाही. मग बेरेटाची सीएक्स-4 स्टॉर्म बघितली. डावखुऱ्यांसाठी ती खरोखर विचार करून बनवलेली आहे: बोल्टचा दांडा तर डावीकडे घेता येतोच, रिकामी काडतुसं बाहेर पडण्याची बाजूही बदलता येते. शेवटी त्याने रुगरची पीसी कार्बाईन घेतली. तिच्यात दांडा आणि मॅगझिन सोडायचं बटण डावीकडे करता येतं, काडतुसं मात्र उजवीकडूनच पडतात, म्हणजे डावखुऱ्याच्या तोंडासमोरून. तरीही घेतली, कारण तिच्यात ग्लॉकची मॅगझिन बसतात आणि पिस्तूल त्याच्याकडे ग्लॉकचंच आहे. एकाच पेटीतल्या 9 मिलिमीटरच्या गोळ्या दोन्हींत चालतात. "मावशी, जी परवडते आणि दर आठवड्याला वाजवता येते तीच चांगली," असं तो म्हणाला. मला हे शंभर टक्के पटलं.

त्याचं ऐकून इथल्या ओळखीतल्या दोघांनी मला विचारलं की अशी कार्बाईन आपल्याकडे मिळेल का. नाही मिळणार. 9 मिलिमीटर हा आपल्याकडे प्रतिबंधित बोअर (नळीचं आतलं माप) आहे, आणि सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी सुटली की पुढची आपोआप भरून घेणारी रायफल सामान्य नागरिकाला परवान्यावरही मिळत नाही. .22 रायफल मिळते, पण तिला परवाना लागतो, आणि परवान्यासाठी पोलीस चौकशीपासून कलेक्टर ऑफिसपर्यंत सगळं करावं लागतं. हौशी माणसाने सुरुवात तिथून करू नये.

परवान्याशिवाय काय घेता येतं ते 2016 च्या शस्त्र नियमांत स्पष्ट आहे: 4.5 मिलिमीटर, म्हणजेच .177 बोअरपर्यंतची आणि 20 जूलपर्यंत ऊर्जा असलेली हवेची बंदूक. 5.5 मिलिमीटरची एअर रायफल कितीही साधी दिसली तरी तिला परवाना लागतो. ऑनलाइन कोणी ती 'विदाउट लायसन्स' म्हणून विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका. मी घेतली तेव्हा दुकानदाराने आधारची प्रत घेतली आणि रजिस्टरवर सही घेतली. बिल आणि ऊर्जेचा दाखला मी रायफलच्या बॅगेतच ठेवते, कारण रस्त्यात कोणी विचारलं तर लांब केस बघून माणूस घाबरलेला असतो आणि कागद दाखवला की प्रश्न मिटतो.

आता 'पॉवर'विषयी. खोक्यावर '1000 फूट पर सेकंड' छापलेलं असतं आणि ग्राहक तेवढंच वाचतो. जरा हिशोब करा. नेहमीचा चांगला छर्रा 8.44 ग्रेनचा, म्हणजे 0.547 ग्रॅमचा. तो सेकंदाला 270 मीटर वेगाने सुटला की ऊर्जा 20 जूल भरते. 270 मीटर म्हणजे साधारण 885 फूट. हाच छर्रा 1000 फुटांनी सुटला तर ऊर्जा 25 जूलच्या वर जाते आणि रायफल परवान्याच्या कक्षेत येते. म्हणजे खोक्यावरचा आकडा खरा असला तरी तो हलक्या छर्ऱ्याचा, आणि कागदावर नेम साधायला तुम्ही तो छर्रा वापरणार नाही. ऑलिंपिकमध्ये दहा मीटरला वापरतात त्या रायफलींचा वेग सेकंदाला 170-175 मीटरच असतो, ऊर्जा जेमतेम साडेसात जूल. अभिनव बिंद्राचं 2008 चं बीजिंगचं सुवर्ण याच ताकदीवर आलं. कागदाला भोक पाडायला याहून जास्त काही लागत नाही, आणि टार्गेटवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तिथे ताकद कामाला येत नाही, स्थिरता येते.

मी तीन प्रकार वापरून बघितले. पहिली नळी मोडून कॉक करायची, म्हणजे आतली स्प्रिंग दाबून अडकवायची रायफल, आपल्याकडे जत्रेत फुगे फोडायला असते तिची थोरली बहीण. दुसरी तशीच, पण स्प्रिंगच्या जागी गॅसचा सिलिंडर असलेली. तिसरी पीसीपी. आता ठाण्याच्या प्रेसिहोलसारख्या भारतीय कंपन्या हे सगळे प्रकार बनवतात, त्यामुळे परदेशी मालासाठी अडून बसायचं कारण उरलेलं नाही. मॉडेलं सारखी बदलतात, म्हणून नावांपेक्षा काय तपासायचं ते लिहिते.

स्प्रिंगची रायफल डावखुऱ्यांची मैत्रीण आहे. नळी मधोमध मोडते, छर्रा मागून घालायचा, बोल्ट नाही, उजवं-डावं नाही. किंमतही पीसीपीच्या निम्म्यात. हवा भरायची कटकट नाही. पण तिचा धक्का विचित्र असतो. चाप ओढला की आतला जड पिस्टन पुढे धावतो, रायफल मागे सरकते, आणि पिस्टन टोकाला आपटला की ती पुढे झटका देते. हे सगळं छर्रा नळीतच असताना होतं. म्हणून ती घट्ट आवळून धरायची नाही. डावखुऱ्याने पुढचा, म्हणजे उजवा, तळहात उघडा ठेवून त्यावर ती नुसती टेकवायची आणि दर वेळी त्याच जागी टेकवायची. हात दोन बोटं पुढे-मागे झाला की ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पुंजका, हलतो. शिकायला हे उत्तम, संयम येतो. पण नवशिक्याला वाटतं आपलाच नेम वाईट, आणि तो सोडून देतो. शिवाय जास्त ताकदीची स्प्रिंगची रायफल कॉक करायला खांद्यातून जोर लागतो. माझ्यासारख्या पन्नाशीच्या बाईला थोड्याच वेळात दंड भरून येतो, आणि भरलेल्या दंडाने नेम धरता येत नाही. गॅसवाली आवाजाला आणि थरथरीला जरा बरी, जोर मात्र तेवढाच.

एका दुकानात मला दाखवलेल्या रायफलचा चाप इतका जड होता की तो ओढेपर्यंत नळीचं टोक टार्गेटवरून बाहेर जायचं. दुकानदार म्हणाला, "मैडम, चलाते-चलाते स्मूद हो जाएगा." मी ती तिथेच ठेवली. चांगला चाप दोन टप्प्यांत चालतो. पहिला टप्पा सैल, बोट सरळ मागे येतं आणि एका ठिकाणी अडतं, जणू भिंत लागली. तिथे थांबायचं, श्वास अर्धा सोडायचा, आणि मग नुसता दाब वाढवत न्यायचा. सुटला कधी ते कळता कामा नये. ही भिंत स्पष्ट लागते की नाही, आणि तिच्यानंतर चाप रखडत तर नाही ना, एवढं दुकानात बघता येतं. रिकामी स्प्रिंगची रायफल मात्र उडवू नका. पिस्टनपुढे हवा अडवायला छर्रा नसतो, तो टोकाला जोरात आपटतो आणि सील खराब होतं. दुकानदाराला छर्रा घालून सुरक्षित जागी उडवू द्यायला सांगा. न दिल्यास दुसरं दुकान बघा.

मी पीसीपी घेतली. रायफल चाळीस हजारांच्या आसपास पडली, हातपंप वेगळा. धक्का जवळजवळ नाही, त्यामुळे तुम्ही जे केलं तेच कागदावर उमटतं. चूक तुमची की बंदुकीची हा प्रश्नच पडत नाही, आणि शिकणाऱ्यासाठी याची किंमत फार मोठी आहे. बोल्ट उजवीकडे आहे. मला तो चालवायला डावा हात दस्त्यावर तसाच ठेवून उजवा हात पुढून मागे आणावा लागतो. झटपट मारायचं असतं तर त्रास झाला असता. पण मी एकेक छर्रा हाताने भरते, रायफल टेकूवर असते, म्हणून अडत नाही. दस्ता घेताना मात्र मी हटून बसले: गालाचा उंचवटा दोन्ही बाजूंना हवा. उजव्या हाताच्या माणसासाठी कोरलेल्या दस्त्यावर माझा गाल टेकतच नाही, मान वाकडी होते आणि डोळा दुर्बिणीच्या मधोमध येत नाही.

हवा भरणं हे पीसीपीचं खरं काम. हातपंपाने हवेचा दाब दोनशे बारपर्यंत न्यायचा म्हणजे शेवटचे वीस-तीस बार अंगाचं वजन टाकूनच होतात. आमच्याकडे हे काम नवरा आणि मुलगी वाटून घेतात. मध्ये थांबून पंप गार होऊ द्यावा लागतो. पावसाळ्यात हवेतली ओल आत जाते, म्हणून पंपाच्या फिल्टरमधले दाणे वेळेवर बदलावे लागतात. माझ्या रायफलीत रेग्युलेटर, म्हणजे दर छर्ऱ्याला सारखाच दाब देणारा भाग, नाही. टाकी गच्च भरली की पहिले काही छर्रे जरा खाली लागतात, मग सगळे एका जागी येतात, आणि दाब फार उतरला की पुन्हा खाली. त्यामुळे मी थोडी कमीच भरते. पैसे असतील तर रेग्युलेटरवाली घ्या, हा खर्च वसूल होतो.

दुर्बीण घेताना दहा मीटरवर फोकस होते का हे आधी विचारा. बऱ्याच रायफल स्कोप लांबच्या अंतरासाठी बनवलेल्या असतात आणि दहा मीटरवरचं टार्गेट धुरकट दिसतं, डोळा जरा हलला की नेमही हलतो. पुढच्या भिंगावर अंतराची चकती असलेली घ्या. आणि रायफल स्प्रिंगची असेल तर एअरगनसाठीच बनवलेली घ्या, कारण तो पुढचा झटका साध्या स्कोपची आतली जोडणी ढिली करतो.

घरी आम्ही सुदामानगरच्या तळमजल्यावर लांब पॅसेजमध्ये सराव करतो. टार्गेटमागे जाड लोखंडी पत्र्याचा तिरका सापळा, त्यामागे भिंत, पॅसेजला मधे दार नाही, आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर गॉगल. गच्चीवर कधीच नाही. छर्रे शिशाचे असतात, म्हणून खाण्याआधी हात साबणाने धुणं हा घरातला नियम आहे. आणि कबुतर, पोपट, खार यांच्यावर बंदूक रोखणाऱ्याशी मी बोलणंच बंद करते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, पण कायदा नसता तरी ते नीचच काम.

या भागात नेमबाजी रुजलेली आहे, हे इंदूरकरांना सांगावंसं वाटतं. महूला सैन्याचं मार्क्समनशिप युनिट आहे. 2012 ला लंडनमध्ये रॅपिड फायर पिस्तुलात रौप्य मिळवणारा विजय कुमार त्याच युनिटमधला. ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आपल्या खरगोन जिल्ह्याचा, आणि 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये तो, कोल्हापूरचा स्वप्निल कुसाळे आणि अखिल श्योराण यांनी मिळून रायफल थ्री पोझिशनचं सांघिक सुवर्ण आणलं. स्वप्निलने पुढच्याच वर्षी पॅरिसला कांस्य मिळवलं तेव्हा मी रेंजवर पेढे वाटले.

राहिला छर्ऱ्यांचा प्रश्न. रायफल घेतल्यावर लगेच एकाच कंपनीचे दहा डबे घेऊ नका. चांगल्या छर्ऱ्यांच्या डब्यावर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.50, 4.51, 4.52 असं, आणि प्रत्येक नळीला त्यातलं एक जास्त मानवतं. दोन-तीन मापांचा एकेक डबा आणा, रायफल टेकूवर ठेवा, प्रत्येकाचे पाच-पाच छर्रे वेगवेगळ्या कागदांवर मारा आणि ज्याचा ग्रुप सगळ्यात लहान तो घ्या. घागरा, म्हणजे मागची पातळ कड, दबलेला छर्रा दिसला की बाजूला काढा, तो हमखास भरकटतो. माझ्या नळीला 4.51 चालतं. मुलीने तिच्या मैत्रिणीच्या रायफलीत तेच डबे वापरून बघितले तर तिथे 4.50 सरस निघालं, आणि दोन्ही रायफली एकाच दुकानातून, एकाच मॉडेलच्या घेतलेल्या आहेत.