मॉड्यूल लोड होत नाही: सही करायची, सिक्युअर बूट बंद करायचं, की ड्रायव्हरच बदलायचा?

अपडेटनंतर लिनक्स सुरू होताना 'फेल्ड टू स्टार्ट लोड कर्नल मॉड्यूल्स' ही लाल ओळ आली, तरी मशीन बहुतेक वेळा पुढे चालू होतं. मॉड्यूल म्हणजे कर्नलला, लिनक्सच्या गाभ्याला, जोडला जाणारा ड्रायव्हरसारखा तुकडा. तो लोड झाला नाही की लॉगिन केल्यावर कळतं की वायफाय गायब आहे, एनव्हिडियाचं कार्ड दिसत नाही किंवा व्हर्च्युअलबॉक्स उघडत नाही. घाईने काही बदलू नका. आधी 'सुडो जर्नलसीटीएल -बी -यू सिस्टमडी-मॉड्यूल्स-लोड' चालवा, मग 'सुडो मोडप्रोब' लिहून पुढे मॉड्यूलचं नाव द्या. मोडप्रोब जे उत्तर देईल त्यावर सगळं ठरतं.

'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं तर एटसीमधल्या मॉड्यूल्स-लोड.डी फोल्डरमध्ये बघा. काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरची ओळ तिथे राहिली असेल, तर तिच्यापुढे # लावला की काम झालं. ओळ बरोबर असेल तर 'डीकेएमएस स्टेटस' बघा; डीकेएमएस म्हणजे कर्नल बदलला की बाहेरची मॉड्यूल्स त्याच्यासाठी पुन्हा बांधणारी व्यवस्था. तिथे नव्या कर्नलचा नंबर नसेल, तर बहुधा त्या कर्नलचं हेडर्स पॅकेज (मॉड्यूल बांधायला लागणाऱ्या फाइल्स) बसलेलं नसतं. ते टाका आणि 'सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल' द्या. तरीही बिल्ड पडला तर कारण मेक.लॉग फाइलमध्ये मिळेल. बहुतेकदा ड्रायव्हरचा सोर्स नव्या कर्नलला जुना पडलेला असतो. त्याची नवी आवृत्ती येईपर्यंत ग्रबच्या (बूट होतानाचा मेनू) 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून जुना कर्नल वापरा. 'एक्झेक फॉरमॅट एरर' असेल तर मॉड्यूल भलत्याच कर्नलसाठी बांधलेलं आहे, ते पुन्हा बांधा.

इथवर निवडण्यासारखं काही नाही. निवड करावी लागते ती 'की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस' आल्यावर. म्हणजे सिक्युअर बूट (मान्य सहीचंच सॉफ्टवेअर बूट होताना चालू देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर कर्नलला मान्य असलेली सही नाही. 'मोकयुटिल --एसबी-स्टेट' दिलं की खात्री होते.

पहिला मार्ग, स्वतःच्या चावीने सही. उबंटूत ही चावी आधीच बनलेली असते, मोक.डीईआर (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची चावी) ही फाइल 'मोकयुटिल --इम्पोर्ट'ला द्यायची, एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा आणि रीबूट करायचं. निळा स्क्रीन येतो. दहा सेकंदांच्या आत एखादी कळ दाबली नाही तर मशीन तसंच पुढे जातं आणि इम्पोर्ट पुन्हा करावं लागतं. कळ दाबल्यावर 'एनरोल मोक', 'कंटिन्यू', 'येस', पासवर्ड, रीबूट. पासवर्डमध्ये फक्त साधी अक्षरं आणि आकडे ठेवा, कारण तिथे तुमचा कीबोर्ड लेआउट चालेलच असं नाही. एकदा चावी नोंदली की पुढच्या प्रत्येक कर्नलला डीकेएमएस त्याच चावीने सही करतं. अडचण एकच, पण मोठी: तो निळा स्क्रीन लिनक्सच्या आधी येतो, त्यामुळे एसएसएच (दुरून लॉगिन) तिथे पोचत नाही. ठाण्यात बसून महापेच्या डेटा सेंटरमधला सर्व्हर सांभाळत असाल, तर आयपीएमआयचा (बूट होण्याआधीही मशीन दुरून हाताळायची सोय) कन्सोल हवा, नाहीतर मशीनपुढे माणूस हवा. शिवाय चावी मदरबोर्डच्या मेमरीत राहते. बोर्ड बदलला की पुन्हा नोंदवा.

दुसरा मार्ग, बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करणं. दोन मिनिटांचं काम, आणि घरातल्या फक्त लिनक्सच्या पीसीवर आम्हाला त्यात फारसं वावगं वाटत नाही. त्याच डिस्कवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) लावलेलं विंडोज असेल तर ते ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं, म्हणून ती आधीच लिहून ठेवा. ऑफिसच्या लॅपटॉपवर हा मार्ग आयटीला विचारल्याशिवाय घेऊ नका.

तिसऱ्या मार्गाचा विचार लोक सगळ्यात शेवटी करतात. आमच्या मते तो सगळ्यात आधी तपासावा. बाहेरचा ड्रायव्हर खरंच लागतो का? रिअलटेकच्या आरटीएल८८२१सीई या वायफाय चिपसाठी पूर्वी डीकेएमएस ड्रायव्हर टाकावा लागे, कर्नल ५.९ पासून तिच्यासाठीचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. व्हर्च्युअलबॉक्सचं काम बऱ्याच जणांसाठी कर्नलमधलंच केव्हीएम करतं. एनव्हिडियासाठी उबंटूची 'लिनक्स-मॉड्यूल्स-एनव्हिडिया' पॅकेजेस कॅनॉनिकलच्या (उबंटू बनवणारी कंपनी) सहीसकट येतात, त्यामुळे चावी नोंदवायचा प्रश्नच उरत नाही. नूव्होवर (एनव्हिडियासाठी कर्नलमध्येच असलेला ड्रायव्हर) मात्र कुडा (ग्राफिक्स कार्डावर गणितं करायची एनव्हिडियाची प्रणाली) चालत नाही. बदल करताना जुनं डीकेएमएस पॅकेज पूर्ण काढा आणि मोडप्रोब.डी फोल्डर उघडून बघा: जुना ड्रायव्हर टाकताना कर्नलमधल्या ड्रायव्हरवर लावलेली 'ब्लॅकलिस्ट'ची ओळ तिथे तशीच असेल, तर नवं काहीच चालणार नाही. ती पुसून बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल नव्याने बनवायला 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' द्या, फेडोरात 'ड्रॅकट -एफ'.

वागळे इस्टेटमधल्या छोट्या ऑफिसात दहा-पंधरा पीसी असतील, तर सहीसाठी प्रत्येकापुढे एकदा बसावं लागेल. तिथे तिसराच मार्ग परवडतो. कुडा लागणारं आणि सिक्युअर बूट सक्तीचं असलेलं मशीन असेल तर कॅनॉनिकलची पॅकेजेस घ्या, ती नसतील तेव्हाच स्वतःची सही. दूरचा सर्व्हर कोणत्याही मार्गाने लावलात तरी कर्नल अपडेटनंतर लगेच रीबूट करू नका. 'मॉडइन्फो -के' पुढे नव्या कर्नलचा नंबर आणि मॉड्यूलचं नाव द्या. 'साइनर'ची ओळ दिसली आणि ती तुम्ही नोंदलेल्या चावीची किंवा डिस्ट्रोची असली, तरच रीबूट.