वाकलेला निजाम, झुंजलेले शिंदे

इंग्रजांचा जोर वाढला तेव्हा मराठवाड्याच्या धन्याने, निजामाने, 1798 मध्ये तैनाती फौज (इंग्रजांचं सैन्य आपल्या खर्चाने पोसायचं) पत्करली आणि फ्रेंचांनी घडवलेल्या पलटणी मोडल्या. विकतचं दुखणंच ते! पुढे गळ्यात पडलेल्या आणखी एका फौजेच्या थकबाकीपायी 1853 मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेलं.

मराठा सरदार शिंद्यांनी मात्र 23 सप्टेंबर 1803 ला भोकरदनजवळ असईला झुंज दिली. केळना नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर गावं दिसली, त्यावरून इंग्रज सेनापती वेलस्लीने नदी पायी ओलांडण्याजोगा उतार तिथे असणार हे ताडलं आणि बाजूने घुसला. शिंद्यांच्या तोफांनी त्याची माणसं अक्षरशः कापून काढली. तरी हार झाली. अहमदनगर, भडोच, गंगा-यमुनेमधला दोआब गेले.

पुढे मांडलिक दोघेही झाले आणि शिंद्यांची ग्वाल्हेरची गादीही 1948 पर्यंत टिकलीच. मग आधी वाकून निजामाने जास्तीचं मिळवलं काय?