लिनक्सवर जीडॅल: एपीटीने की कोंडाने?

शेपफाइल, जिओजेसन, पोस्टजीआयएस अशा वेगवेगळ्या रूपांत विखुरलेला नकाशांचा डेटा एकत्र आणायला जीडॅल हे सॉफ्टवेअर लागतंच. उबंटू या लिनक्सवर ते टाकायचं कसं, इथे बरेच जण अडतात. वाटा दोन: उबंटूचा स्वतःचा पॅकेज व्यवस्थापक एपीटी, नाहीतर वेगळा बसवायचा व्यवस्थापक कोंडा.

मेहनत एपीटीला कमी: 'जीडॅल-बिन' पॅकेज मागा, झालं. पण सुडो, म्हणजे प्रशासकाचे अधिकार, हवेत. कोंडाला ते लागत नाहीत, म्हणून सामायिक सर्व्हरवर तोच सोयीचा. जागा मात्र भरपूर खातो.

खरा फरक आवृत्तीचा. एपीटीकडची आवृत्ती त्या रिलीजपुरती जवळपास गोठलेली. नवे ड्रायव्हर (एकेक फॉरमॅट वाचणारे भाग) हवेत तर उबंटूजीआयएसचा पीपीए (पॅकेजचा जादा स्रोत) जोडा. कोंडा-फोर्ज या कोंडाच्या पॅकेज-भांडारात नवं लवकर येतं, शिवाय प्रत्येक प्रकल्पाला वेगळं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे स्वतंत्र कप्पा. दोन्ही एकाच शेलमध्ये मिसळू मात्र नका! जीडॅल प्रक्षेपणांसाठी वापरतं त्या 'प्रोज' लायब्ररीचा भलताच डेटाबेस उचलला जातो आणि प्रक्षेपण बदलताना एरर येतात.

वर्षानुवर्षं न हलवता चालवायच्या सर्व्हरला एपीटी. पायथनमध्ये सतत प्रयोग करणाऱ्याला कोंडा.