फिटनेस तपासणीआधीची पाहणी: जुन्या गाडीसाठी ही सेवा घ्यावी का?

फिटनेस तपासणीची तारीख जवळ आली आणि जुनी गाडी गॅरेजमध्ये दाखवायला नेली, की बहुतेक वेळा दोनच उत्तरे मिळतात. एक तर ‘काही नाही, आरामात पास होईल’, नाहीतर ‘सगळे एकदाच बदलून टाका, म्हणजे कटकट नको’. दोन्ही उत्तरे गाडीखाली नीट वाकून न पाहता दिलेली असतात. म्हणूनच फक्त पाहणी करून लेखी अहवाल देणारी आणि दुरुस्ती तिथेच करून घेण्याची अट न घालणारी सेवा एका स्वतंत्र गॅरेजमध्ये मिळते असे कळल्यावर, १४ वर्षे वापरातली आमची पेट्रोल हॅचबॅक मी तिथे दिली. गॅरेजचे नाव मुद्दाम देत नाही. अशा प्रकारची सेवा अनेक गॅरेजेस देतात, त्यामुळे ती कशी पारखावी आणि हाती आलेल्या अहवालावरून काय ठरवावे, हेच सांगणे जास्त उपयोगाचे वाटते.

पाहणी मात्र मनापासून झाली, हे आधी सांगायला हवे. गाडी लिफ्टवर चढवून चारही चाके उतरवली गेली आणि मला लिफ्टखाली उभे राहू दिले गेले. मालकाला काउंटरपाशी बसवून ठेवणाऱ्या गॅरेजपेक्षा हा फरक मोठा आहे. फिटरने लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) आणि सबफ्रेम (तो ज्यावर बसतो ती चौकट) यांच्या मध्ये पहार घालून हलकेच दाब दिला, तेव्हा एरवी अखंड दिसणाऱ्या बुशच्या, म्हणजे त्या जोडातल्या रबरी गादीच्या, रबरातली चीर उघडली आणि दाब काढताच पुन्हा मिटली. दुसऱ्या बाजूच्या बुशवर वरवरच्या बारीक भेगा होत्या, पण पहारेने तो हलला नाही. अहवालात पहिल्यापुढे ‘बदला’ आणि दुसऱ्यापुढे ‘लक्ष ठेवा’ असे लिहिले होते. दोन्ही बुश जोडीने बदलण्याचा सल्ला त्याने दिला नाही असे नाही, पण तो तपासणीच्या दृष्टीने आवश्यक नाही, मजुरी वाचते म्हणून सोयीचा आहे, हे त्याने वेगळे करून सांगितले. सेवेचे खरे मोल मला या वेगळे करून सांगण्यात वाटले.

अहवालाची दुसरी जमेची बाजू म्हणजे आकडे. ‘ब्रेक पॅड झिजले आहेत’ या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. ‘पुढचे पॅड ४ मिलिमीटर उरले आहेत’ यावरून बरेच ठरवता येते. समजा, नव्या पॅडवर १० मिलिमीटरचा थर होता आणि ३०,००० किलोमीटरमध्ये त्यातला ६ मिलिमीटर गेला, तर एका मिलिमीटरला सुमारे ५,००० किलोमीटर असा हिशेब पडतो. पॅड २ मिलिमीटरवर आल्यावर बदलायचे ठरवले, तर हातात साधारण १०,००० किलोमीटर उरतात. तेवढे अंतर आपण चार महिन्यांत कापतो की दीड वर्षात, यावर पॅड आत्ता बदलायचे की पुढच्या सर्व्हिसिंगला, हे ठरते. टायरचेही तसेच. अनेक देशांत खाचांच्या खोलीची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर आहे आणि खाचांमधले झीजदर्शक उंचवटे त्याच पातळीवर असतात. पण टायर १.८ मिलिमीटरवर पास होतो म्हणून तो पावसाळा काढेल असे नाही. तपासणी त्या दिवसापुरते उत्तर देते, पुढच्या महिन्यांचे आपल्यालाच काढावे लागते. टायरच्या बाजूवर छापलेल्या कोडातले शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. या अहवालात तेही नोंदवले होते, आणि खोली भरपूर असूनही स्टेपनी बाद करण्याजोगी म्हातारी झाल्याचे त्यामुळे कळले.

ब्रेकच्या बाबतीत गॅरेजकडे चाके फिरवून ब्रेकचा जोर मोजणारे रोलर असल्याचा फायदा झाला. मागच्या दोन चाकांच्या ब्रेकजोरात बरीच तफावत निघाली. युरोपीय नियमांत एकाच अक्षावरच्या दोन चाकांमध्ये ३० टक्क्यांहून अधिक फरक असला, तर तो दोष धरला जातो. रस्त्यावर अशी गाडी जोरात ब्रेक लावताच एका बाजूला ओढ घेते, मात्र मागच्या चाकांच्या बाबतीत चालवणाऱ्याला ते सहसा जाणवत नाही. अशा वेळी थेट नवा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सुचवणारे पुष्कळ भेटतात. इथे आधी कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिना काढून पाहिल्या, त्यातली एक गंजून अडकलेली होती. साफसफाई आणि योग्य ग्रीस एवढ्यावर तफावत मर्यादेत आली. फार चालवली न जाणारी जुनी गाडी असेल, तर महागडा भाग मान्य करण्याआधी ‘आधी साफ करून रोलरवर पुन्हा दाखवा’ एवढे म्हणावे. ब्रेक ऑइलबाबतही त्यांनी मोजमाप केले, हे चांगले. ग्लायकॉलवर आधारित ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषून घेते. डॉट ४ प्रतीच्या कोऱ्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर पाणी मुरलेल्या अवस्थेत किमान १५५ अंश. घाटाच्या उतारावर ब्रेक तापतात, तेव्हा हाच फरक पायाखाली कळतो.

आता उणिवा. पहिली म्हणजे दुरुस्त्या कोणत्या क्रमाने आणि कधी कराव्यात, याबद्दल अहवाल पूर्ण गप्प होता. खरे तर मालकाला नेमके तेच हवे असते. सस्पेन्शनचे काम नेहमी आधी करावे, कारण बुश, टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा दांडा चाकाला जोडणारा सांधा) किंवा स्प्रिंग बदलल्यावर चाकांचे अलाइनमेंट पुन्हा करावे लागते. नवे टायर त्याआधी बसवले, तर वाकड्या चाकांवर ते विनाकारण झिजतात. हेडलाइटचा फोकस सर्वांत शेवटी, कारण स्प्रिंग बदलली की गाडीची उंची बदलते आणि प्रकाशाचा झोत वर किंवा खाली सरकतो. ब्रेक पॅड आणि डिस्क आदल्या संध्याकाळी बदलू नयेत. नवा पॅड डिस्कवर नीट बसायला काही अंतर चालवावे लागते आणि तोवर रोलरवर त्याचा जोर कमी भरू शकतो. याउलट बल्ब, वायपर, वॉशरचे पाणी, नंबरप्लेटचा दिवा या गोष्टी त्याच सकाळी पाहिल्या तरी चालते, आणि त्या क्षुल्लक वाटतात म्हणूनच नजरेतून सुटतात. एकंदरीत, मोठी पाहणी तारखेच्या महिना-दीड महिना आधी करून घ्यावी. सुटे भाग मागवायला, काम जमले नाही तर दुसरे गॅरेज शोधायला आणि दुरुस्तीनंतर गाडी थोडी चालवून पाहायला तेवढा अवकाश लागतोच.

दुसरी उणीव अधिक गंभीर होती. डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा अधूनमधून लागत होता, त्यावर ‘तपासणीच्या आदल्या दिवशी आणा, कोड (म्हणजे गाडीच्या संगणकातली दोषाची नोंद) पुसून देतो’ असा तोंडी सल्ला मिळाला. हा सल्ला वाईट तर आहेच, शिवाय अनेकदा निरुपयोगीही ठरतो. कोड पुसल्यावर किंवा बॅटरी काढल्यावर गाडीच्या संगणकातल्या स्वयंचाचण्यांची नोंदही पुसली जाते आणि ती पुन्हा पूर्ण व्हायला वेगवेगळ्या वेगांनी बरेच चालवावे लागते. जिथे तपासणीत ही नोंद वाचली जाते, तिथे ‘चाचण्या अपूर्ण’ असा शेरा मिळून गाडी परत येऊ शकते. दिवा लागण्याचे कारण कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा भाग) असल्याचे गृहीत धरून तो बदलण्याचा प्रस्तावही पुढे आला होता. कन्व्हर्टर हा एक्झॉस्टमधल्या सर्वांत महाग भागांपैकी एक असतो. तो दोषी ठरवण्याआधी एक्झॉस्टच्या जोडावर कुठे गळती आहे का, ऑक्सिजन सेन्सर ठीक आहे का आणि इंजिन मिसफायर करते आहे का, म्हणजे इंधन मधूनच पेटायचे राहते आहे का, हे पाहायलाच हवे. कारण ही कारणे तशीच राहिली तर दिवा पुन्हा लागू शकतो, आणि मिसफायरने तर नवा कन्व्हर्टरही खराब होतो. शिवाय कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही, त्यामुळे धुराच्या चाचणीला गाडी थंड नेणे म्हणजे हाताने अपयश ओढवून घेणे. वीस-पंचवीस मिनिटे चालवून, इंजिन बंद न करता रांगेत लागणे बरे.

तिसरी तक्रार मांडणीची आहे, पण तिचा परिणाम थेट खिशावर होतो. गंजाची नोंद अहवालाच्या शेवटच्या पानावर, ‘इतर’ या शीर्षकाखाली होती. जुन्या गाडीच्या बाबतीत ती पहिल्या ओळीत असावी. दरवाजाच्या कडेला आलेला गंज दिसायला वाईट असला तरी तो रंगाचा प्रश्न आहे. सीटबेल्टचा बोल्ट, सस्पेन्शनचा आधार किंवा चासीचा भाग जिथे जोडला आहे, तिथला गंज हा सुरक्षेचा प्रश्न आहे. ब्रिटनच्या तपासणीत अशा जोडाच्या ३० सेंटीमीटर परिसरातला गंज विशेष काटेकोरपणे पाहिला जातो. तिथे पत्रा कापून नवा वेल्ड करावा लागणार असेल, तर ते काम किती निघेल हे कापल्याशिवाय पुरते कळत नाही. बुश, टायर, ब्रेक यांच्यावर खर्च करून झाल्यावर हे कळले, तर आधीचा खर्च अडकून पडतो. आमच्या गाडीचा गंज वरवरचा निघाला, हे फिटरने हत्याराच्या मुठीने ठोकून दाखवले: घट्ट पत्र्याचा आवाज खणखणीत येतो, पोकळ झालेल्याचा बद्द. पण ही ठोकाठोक मी विचारल्यावर झाली.

आणि एक गोष्ट अहवालात नव्हतीच. फिटनेस तपासणी ब्रेक, दिवे, स्टिअरिंग, टायर, धूर आणि सांगाडा पाहते. इंजिन आणखी किती टिकेल, हे पाहणे तिचे काम नाही. टायमिंग बेल्टची (इंजिनातल्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवणाऱ्या पट्ट्याची) मुदत टळून गेली असली तरी गाडी खुशाल पास होते. पुढे हा बेल्ट तुटला, तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि ती दुरुस्ती जुन्या गाडीला परवडत नाही. तपासणीसाठी म्हणून सगळे पैसे खालच्या भागावर घालून बेल्ट आणि कूलंट पुढे ढकलणारे मालक पुष्कळ असतात. पाहणी करणाऱ्याने निदान सर्व्हिसची वही मागून एक ओळ लिहायला काय हरकत होती?

पास-नापासच्या सीमेवरच्या दोषांचे काय करावे, हे शेवटी आपल्याकडच्या नियमांवर ठरते. जर्मनीत दोष निघाल्यास ते दुरुस्त करून महिन्याभरात फेरतपासणी करता येते. ब्रिटनमध्ये मुदत संपण्याच्या एक महिना वजा एक दिवस आधीपर्यंत तपासणी करून घेतली तरी पुढची तारीख तीच राहते. अशी सवलत असेल, तर ‘लक्ष ठेवा’ या रकान्यातल्या गोष्टी न बदलता गाडी लवकर नेऊन तपासनिसालाच ठरवू देणे शहाणपणाचे, कारण त्याला दुरुस्ती विकायची नसते. स्टिअरिंग, ब्रेक आणि टायर यांत मात्र हा जुगार नको.

गाडी दहा वर्षांच्या पुढे गेली असेल आणि आपला नेहमीचा मेकॅनिक मोजून न सांगणारा असेल, तर पाच पैकी साडेतीन गुण देऊन ही सेवा घ्या असे मी सांगेन. नियमित सर्व्हिस होणाऱ्या, पाच-सहा वर्षांच्या गाडीला तिची गरज नाही. अहवाल हाती घेताना प्रत्येक ‘लक्ष ठेवा’पुढे आजचे माप, किलोमीटरचा आकडा आणि पुन्हा कधी मोजायचे ते लिहून घ्या, आमच्या अहवालात माप होते, किलोमीटरची जागा कोरी होती.