घडीचा १० बाय १० तंबू : हस्तकला प्रदर्शनासाठी घ्यावा का?

मैदानावरच्या हस्तकला प्रदर्शनात बहुतेकदा १० बाय १० फुटांची जागा मिळते, आणि तिथे कैचीसारखा उघडणारा घडीचा तंबू हाच सगळ्यात सोयीचा. घ्यावा का? जरूर घ्यावा, मात्र पाय सरळ आणि छप्पर पांढरं असलेलाच. या दोन गोष्टी नसतील तर कितीही स्वस्त मिळाला तरी नको.

तिरक्या पायांच्या तंबूवर लिहिलेलं १० बाय १० हे बऱ्याचदा जमिनीवरचं माप असतं. वर छप्पर जेमतेम ८ बाय ८ भरतं. म्हणजे चारही बाजूंना फूटभर पट्टा उघडा, आणि माल मांडायची जागा नेमकी तीच. सरळ पायांच्या तंबूत दोन्ही बाजूंना २-२ फूट रुंद टेबलं लावली तरी मधे ६ फूट उरतात. दोघं पाठीला पाठ लावून वस्तू बघत असले तरी तिसरा आत येऊ शकतो. आत आलेलं गिऱ्हाईक थांबतं, हाताळतं. तोंडावर आडवं टेबल टाकलं की लोक चालता चालता नजर टाकून पुढे जातात.

रंगाचा मुद्दा दुकानदार सांगत नाही. निळ्या छपराखाली पिवळी शाल हिरवट दिसते, लाल छपराखाली पांढरं मातीचं भांडं गुलाबी. खरा रंग कळेना म्हणून गिऱ्हाईक वस्तू उन्हात नेऊन बघतं, किंवा सरळ ठेवून देतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, तंबू उडू नये म्हणून पायांना बांधायचं वजन. हे तंबूसोबत जवळपास कधीच पुरेसं येत नाही. सोबतच्या खुंट्या मातीत ठीक, डांबरावर निरुपयोगी. प्रत्येक पायाला किमान १८ ते २० किलो हवंच. १० लिटर पाण्याचा कॅन म्हणजे १० किलो, तेव्हा पायाला दोन लागतात. त्यापेक्षा ४ इंची पीव्हीसी पाइपचा ३ फुटी तुकडा काँक्रीटने भरावा. साधारण १७ किलो भरतो, वर दोन-तीन किलोची वाळूची पिशवी बांधली की झालं. पाइप सांगाड्याच्या वरच्या कोपऱ्याला आतून टांगायचा आणि खालून पायाला आवळायचा, नाहीतर तो झोके घेतो आणि शेजारच्या काचेच्या वस्तूंवर आदळतो. तुमचा तंबू उडाला तर नुकसान शेजाऱ्याचंही होतं, म्हणून यात काटकसर नकोच. वारा सुटल्यावर तिन्ही बाजूंचे पडदे बंद ठेवले तर तंबूचं शीड होतं. अशा वेळी पडदे काढून ठेवावेत.

मोडतोड होते ती ठरलेल्या दोन ठिकाणी. एक, दांड्या जोडणारे प्लॅस्टिकचे सांधे. एकट्याने एक पाय ओढत तंबू उघडला की सांध्याला पीळ बसतो आणि तो तडकतो. दोघांनी समोरासमोरचे पाय धरून थोडं उचलत मागे सरकावं, दोन-तृतीयांश उघडल्यावर कापड चढवावं, मग चारही खटके लावावेत, पाय सगळ्यात शेवटी वाढवावेत. सांधे सुटे विकत मिळतात का, हे घेण्याआधीच विचारा. दुसरं, छपराचा झोळ. कापड सैल असेल तर पावसात कडेला पाणी साचतं, बादलीभर पाणी म्हणजे पंधरा किलो, आणि पातळ दांडी वाकते. कोपऱ्यांचे वेल्क्रो ताणून लावावेत, पाणी साचू लागताच आतून हाताने ढकलून द्यावं.

ॲल्युमिनियमचा सांगाडा हलका आणि गंजत नाही. महिन्या-दोन महिन्यांतून एकदाच प्रदर्शन असेल तर लोखंडीही चालेल.

ओलं कापड पिशवीत कोंबलं तर दोन दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात आणि तो कुबट वास शेजारी ठेवलेल्या कापडी मालालाही लागतो. घरी आल्यावर त्याच दिवशी पसरून वाळवा. कापड आगरोधक असल्याचं सांगणारी शिवणीतली पट्टी मात्र कापू नका. काही आयोजक ती बघितल्याशिवाय तंबू उभारू देत नाहीत.